‘त्रिस्ताना’ चित्रपटाचा शेवट

लुईस बुन्युएल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘त्रिस्ताना’ (१९७०) या स्पॅनिश चित्रपटाचा शेवट बेनितो पेरेस गाल्दोस यांच्या १८९२ मधील मूळ कादंबरीपासून पूर्णपणे फारकत घेतो. चित्रपटाची पटकथा बुन्युएल व हुलिओ आलेहांद्रो यांची आहे. कादंबरी माद्रिदमध्ये घडते. चित्रपटाने ती तोलेदोच्या अरुंद गल्ल्यांत आणली.

अनाथ त्रिस्ताना (कॅथरिन डेन्यूव्ह) वयस्क दोन लोपेच्या (फेर्नांदो रे; ‘दोन’ हे स्पॅनिशमधील आदरार्थी संबोधन) आश्रयाला येते आणि तो तिचा पालक असतानाच तिचा उपभोगही घेतो; आपल्या सोयीप्रमाणे कधी बाप, कधी नवरा. ओरासिओ या तरुण चित्रकाराबरोबर ती निघून जाते, परंतु आजारी होऊन परतते आणि तिचा एक पाय कापावा लागतो. पुढे ती दोन लोपेशीच लग्न करते, मात्र लग्नाच्या रात्री त्याला जवळ येऊ देत नाही.

शेवटाची खरी तयारी एका साध्या प्रसंगात आहे. आयुष्यभर धर्मगुरूंना नावे ठेवणारा दोन लोपे थंडीच्या दिवसांत त्यांच्याच पंगतीला बसून गरम चॉकलेट पितो, आणि बाहेरच्या व्हरांड्यात त्रिस्तानाच्या कुबड्यांचा आवाज येरझाऱ्या घालत राहतो. म्हातारा मवाळ होत गेला, ती मात्र कठीण; हा उलटा प्रवास संवादाविना एवढ्या नेमकेपणाने क्वचितच दाखवला गेला असेल.

त्या हिमवर्षावाच्या रात्री दोन लोपेला हृदयविकाराचा झटका येतो. तो त्रिस्तानाला हाक मारतो. ती डॉक्टरांना फोन केल्याचे नाटक करते, प्रत्यक्षात फोन लावतच नाही, आणि मग खिडकी उघडून बर्फाचा वारा खोलीत येऊ देते. हा खून म्हणावा की केवळ न केलेली मदत, याचा निवाडा चित्रपट करत नाही. त्यानंतर आधीच्या प्रसंगांची दृश्ये वेगाने, उलट्या क्रमाने सरकू लागतात. त्यांत तिचे जुने दुःस्वप्नही आहे: घंटेत लोलकाच्या जागी लोंबकळणारे दोन लोपेचे मुंडके. या प्रतिमा तिच्या आठवणी आहेत की खुद्द चित्रपटच मागे वळून पाहतो, हे मुद्दाम मोकळे ठेवलेले दिसते.

गाल्दोस यांच्याकडे मृत्यू नाही. तेथे त्रिस्ताना नवऱ्याच्या घरात मिठाया करायला शिकते, आणि ती दोघे सुखी होती का, या प्रश्नावर लेखक ‘कदाचित’ एवढेच म्हणून थांबतो. शांतपणे गिळलेली ही हार खिडकीपेक्षा कमी क्रूर नाही. बुन्युएल यांनी ती टाळली आणि नायिकेला सूड दिला, पण मोकळीक दिली नाही. दृश्यांची उलटी रांग अखेर जेथे पोचते, तेथे त्रिस्ताना पुन्हा दोन्ही पायांवर, मोलकरीण सातुर्नाच्या सोबतीने चालताना दिसते.