खरी स्नायपर रायफल ओळखायची कशी? आधी काय झालं, नंतर काय झालं ते बघायचं

थ्री नॉट थ्री म्हटलं की आपल्याला पोलिसांच्या खांद्यावरची ती लांब लाकडी बंदूक आठवते. तिच्याच घराण्यातली एक रायफल आज ब्रिटन, अमेरिका, कॅनडातले कलेक्टर जिवापाड जपतात, ती म्हणजे ली-एनफिल्ड नंबर ४ टी, लांबून अचूक नेम धरायला दुर्बीण लावलेली स्नायपर रायफल. दुसऱ्या महायुद्धात साध्या नंबर ४ रायफली ४० लाखांच्या आसपास बनल्या, त्यातल्या ज्यांचा नेम टेस्टमध्ये सगळ्यात अचूक निघाला त्या बाजूला काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायचे (हो, आपल्या राजेमहाराजांना शिकारीच्या बंदुका बनवून देणारी तीच कंपनी) आणि तिथे त्यावर ३ पट मोठं दाखवणारी नंबर ३२ दुर्बीण बसायची. अशा रायफली साधारण पंचवीस हजारच बनल्या, त्यामुळे साधीच्या कित्येक पट भाव मिळतो, आणि मग साहजिकच साध्या रायफलीला भोकं पाडून, दुर्बीण लावून ती "ओरिजिनल" म्हणून खपवणारेही आले.

आता खुणांची यादी कोणालाही पाठ होते. बॉडीवर डाव्या बाजूला टी, बटजवळच्या (खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याजवळच्या) लोखंडावर टीआर, बटच्या खालच्या अंगाला एस५१ हा हॉलंड अँड हॉलंडचा कोड, दुर्बिणीचा नंबर बटच्या मनगटावर, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागावर, आणि रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर. पण ही यादी नकली बनवणाऱ्यालाही पाठ असते की! अक्षरांचे पंच (हातोडीने ठोकायचे ठसे) बाजारात मिळतात. म्हणून माझ्या मते नुसती खूण आहे का हे बघून काही होत नाही, ती खूण कधी पडली हे बघायला लागतं, आणि खरं विज्ञान इथेच सुरू होतं.

पंच मारला की लोखंड तिथून निघून जात नाही, ते दाबलं जातं आणि बाजूला सरकतं, म्हणून अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा येतो आणि खाली धातूचे कण चेपून त्यांची रचनाच बदलते. हा बदल अक्षराच्या खोलीपेक्षाही बराच आत गेलेला असतो. म्हणूनच कोणी जुना नंबर घासून गुळगुळीत केला तरी फॉरेन्सिक लॅबवाले तिथे कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडचं मिश्रण लावतात, चेपलेला भाग आणि न चेपलेला भाग त्याला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि गेलेला नंबर पुन्हा दिसायला लागतो. (कलेक्टरने हे घरी अजिबात करू नये, रायफलीचं वाटोळं होईल.) लेझरने किंवा मशिनने कोरलेल्या अक्षरात धातू चेपला न जाता काढून टाकलेला असतो, त्यामुळे भिंगाखाली कडा वेगळ्याच दिसतात. आणि ८० वर्षांपूर्वी मारलेल्या अक्षराच्या खोबणीत तेल, धूळ, काळपटपणा हे सगळं आजूबाजूच्या लोखंडाइतकंच जुनं दिसायला पाहिजे. तळ चमकत असेल तर काहीतरी गडबड आहे.

लाकूड तर याहून बोलकं. नंबर ४ टीच्या बटवर गाल टेकायला लाकडी तुकडा स्क्रूने लावलेला असतो. तो युद्धाच्या काळात लागला असेल तर वापरातल्या खरचटी आणि घामाचे-तेलाचे डाग त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबतात, पण एखादी जुनी खोक सरळ त्या तुकड्याच्या खालून पुढे गेलेली दिसली तर आधी खोक पडली आणि मग तुकडा लागला, सोपा हिशोब. अर्थात लष्कराच्या वर्कशॉपमध्येही तुकडे बदलायचे, त्यामुळे एकट्या पुराव्यावर निकाल देणं बरोबर नाही.

सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण रशियन मोसिन-नागांत रायफलीचं. १९४२ पासून तिच्यावर पीयू नावाची साडेतीन पट दाखवणारी छोटी दुर्बीण लागायला लागली, युद्ध संपल्यावर बऱ्याच रायफलींची दुर्बीण सैन्यानेच काढली, रिसिव्हरच्या (बॉडीच्या) डाव्या बाजूची दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं बुजवली आणि त्या साध्या रायफली म्हणून वापरल्या. पुढे सोव्हिएत युनियन फुटल्यावर त्या परदेशात विकल्या गेल्या, तिथे कोणीतरी तीच भोकं पुन्हा उघडली आणि नवीन दुर्बीण लावली. आता ही खरी म्हणायची का खोटी? रायफल खरोखर स्नायपरची होती, आज जे दिसतंय ते मात्र नंतरचं आहे. मी हिला खोटी म्हणणार नाही, पण अस्सल सेटचा भावही देणार नाही. बुजवलेल्या भोकाजवळ वेल्डिंग झालं असेल तर तिथलं पोलाद तापून त्याची रचना बदललेली असते, घासून पुन्हा काळं केलं तरी प्रकाश तिरका टाकला की तो गोल डाग बहुतेक वेळा दिसतोच, आणि साध्या रायफलीत परवा पाडलेल्या भोकाला असला इतिहास नसतो.

नंबर जुळले नाहीत म्हणून लगेच नाक मुरडू नका. सोव्हिएत वर्कशॉपमध्ये दुरुस्तीत दुर्बिणी बदलायच्या, बॅरलवरचा जुना दुर्बिणीचा नंबर आडव्या रेघेने खोडायचे आणि शेजारी नवा मारायचे, आणि खोडलेला नंबर मला तरी जास्त विश्वासाचा वाटतो. उलट सगळे नंबर एकाच ठशाचे, एकाच खोलीचे, काल मारल्यासारखे असतील तर मी विकणाऱ्याला पहिली गोष्ट हीच सांगेन, की लाकूड उतरव आणि डाव्या बाजूचा उघडा फोटो पाठव.