पार्श्वभूमी : ‘एक चीन’ आणि एका क्रियापदाचा वाद

तैवानवरून अमेरिका आणि चीन यांच्यातील तणाव वाढला की दोन्ही राजधान्यांतून ‘एक चीन’चा उच्चार होतो. बीजिंगसाठी ते ‘तत्त्व’ आहे, म्हणजे तैवान चीनचाच भाग आहे असा दावा; वॉशिंग्टनसाठी ते ‘धोरण’ आहे, म्हणजे त्या दाव्याची दखल घेणे, पण तो मान्य न करणे. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि वादाचा गाभाच हरवतो.

या वादाचे मूळ १८९५ (तैवान जपानकडे गेले ते वर्ष) किंवा १९४९ (चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि पराभूत सरकार तैवानला गेले ते वर्ष) यांपेक्षा १९७२ मध्ये शोधणे अधिक योग्य. १९६९ मध्ये सीमेवरील उसुरी नदीवर सोव्हिएत आणि चिनी सैनिकांत रक्तरंजित चकमकी झाल्या होत्या. चीनला उत्तरेच्या धोक्यासमोर आधार हवा होता, तर अमेरिकेला मॉस्कोवर दबाव आणि व्हिएतनाममधून बाहेर पडण्याची वाट हवी होती. जुलै १९७१ मध्ये अमेरिकी दूत पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला पोहोचला. पुढच्याच महिन्यात भारताने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला, तो याच बदलत्या समीकरणाच्या छायेत.

फेब्रुवारी १९७२ च्या शांघाय निवेदनात, म्हणजे अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात, अमेरिकेने म्हटले की, तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरील सर्व चिनी लोक चीन एकच असून तैवान त्याचा भाग असल्याचे मानतात, याची आपल्याला जाणीव आहे आणि या भूमिकेला आपण आव्हान देत नाही. इंग्रजीत क्रियापद होते ‘ॲक्नॉलेज’, आणि चिनी मसुद्यात त्यासाठी ‘जाणीव असणे’ या अर्थाचा शब्द होता. १ जानेवारी १९७९ पासून दोन्ही देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, त्यासाठीच्या दुसऱ्या संयुक्त निवेदनात इंग्रजी क्रियापद तेच राहिले. चिनी मसुद्यात मात्र ‘छंगरन’, म्हणजे मान्यता देणे, हा शब्द आला. अमेरिकी सिनेटच्या समितीत यावर प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा आपल्यावर इंग्रजी मसुदाच बंधनकारक असल्याचे सरकारने सांगितले. मराठीत हा फरक ‘दखल घेतली’ आणि ‘मान्य केले’ यांतील आहे. दुसऱ्याच्या दाव्याची दखल घेणारा तो दावा स्वीकारतोच असे नाही. याला भाषांतरातील चूक म्हणणे पटत नाही, कारण संदिग्धता दोघांनाही सोयीची होती. खटकते ते वेगळेच. ‘दोन्ही तीरांवरील सर्व चिनी लोक’ असे लिहिले गेले, तेव्हा तैवानमध्ये लष्करी कायदा होता आणि तो १९८७ पर्यंत उठला नाही; ज्यांच्या मताचा दाखला दिला, त्यांना ते मत मोकळेपणाने मांडण्याची मुभाच नव्हती.

एप्रिल १९७९ मध्ये अमेरिकेने तैवानला बचावात्मक शस्त्रे पुरवण्याची तरतूद करणारा कायदा केला. युद्ध झाल्यास सैन्य पाठवण्याचे वचन त्यात नाही. ऑगस्ट १९८२ च्या तिसऱ्या संयुक्त निवेदनात अमेरिकेने तैवानला होणारी शस्त्रविक्री हळूहळू कमी करण्याचा मानस व्यक्त केला, पण विक्री थांबवण्याची तारीख ठरवली नसल्याचे आश्वासन तिने त्याआधीच्याच महिन्यात तैवानला दिले होते. १९९६ मध्ये तैवानमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक होत असताना चीनने क्षेपणास्त्र चाचण्या केल्या आणि अमेरिकेने दोन विमानवाहू नौकांचे ताफे रवाना केले. २००५ मध्ये चीनने फुटीरताविरोधी कायदा करून ‘अशांततामय मार्गां’ना वैधानिक आधार दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षांच्या तैपेई भेटीनंतर चीनने बेटाभोवती मोठे सराव केले.

भारताने २०१० पासून चीनसोबतच्या संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’चा उल्लेख टाळला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने आपल्या माहितीपत्रकातून ‘तैवानच्या स्वातंत्र्याला आमचा पाठिंबा नाही’ हे वाक्य वगळले आणि बीजिंगने ते दुरुस्त करण्याची मागणी केली.