कणभौतिकीतून उद्योगातील संशोधनाकडे: एका जुन्या वाटेची पार्श्वभूमी

नागपुरात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नेट किंवा जेस्टसारखी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी कणभौतिकीत, म्हणजे पदार्थाच्या मूलभूत कणांच्या अभ्यासात, पीएच.डी. करण्यासाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था गाठतो आणि काही वर्षांनी एखाद्या कंपनीच्या संशोधन विभागात रुजू होतो, तेव्हा ‘एवढे शिकून शेवटी आयटीतच ना?’ हा प्रश्न घरात हमखास निघतो. वाट मात्र आजची नाही. कोलंबिया विद्यापीठातून १९७३ मध्ये सैद्धांतिक कणभौतिकीत पीएच.डी. मिळवलेले इमॅन्युएल डर्मन १९८० मध्ये बेल लॅब्ज या औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेत आणि १९८५ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत गेले. व्याजदरांच्या चढउतारांचा हिशेब मांडणाऱ्या ‘ब्लॅक-डर्मन-टॉय’ या गणिती प्रतिमानातील डर्मन ते हेच. पुढे १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने टेक्सासमधील ८७ किलोमीटर परिघाचा नियोजित महाकाय त्वरक (कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणारे यंत्र), सुमारे दोन अब्ज डॉलर खर्ची पडल्यानंतर, रद्द केला आणि त्यावर भिस्त ठेवून बसलेल्या अनेक तरुण संशोधकांना वित्तक्षेत्राचा रस्ता धरावा लागला.

नाइलाज हे अर्धेच कारण झाले. उरलेले कारण या विषयाच्या रोजच्या कामात आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील २७ किलोमीटरच्या त्वरकात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. त्यांच्या टकरींतून निघणारी एवढी माहिती साठवणे अशक्य असल्याने ‘ट्रिगर’ नावाची यंत्रणा सेकंदाच्या काही दशलक्षांशात पहिली चाळणी लावते आणि अखेरीस सेकंदाला हजारेक घटनाच नोंदीसाठी उरतात. टाकून दिलेले परत मिळत नाही, त्यामुळे काय टाकायचे हे आधीच ठरवावे लागते. हिग्ज बोसॉन या मूलकणाचा शोध ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाला, तो निव्वळ योगायोगाने तसा संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी खाली आल्यावरच. ज्या प्रयोगांनी तो लावला त्यांपैकी सीएमएसमध्ये टाटा संस्थेचाही सहभाग आहे. अशा कामात पाच-सहा वर्षे घालवलेल्या माणसाला प्रचंड विदेतून (डेटातून) खरा संकेत वेगळा काढणे नव्याने शिकवावे लागत नाही. सर्नमधील अ‍ॅटलास प्रयोगाने २०१४ मध्ये हिग्जची संगणकाने तयार केलेली नक्कल-विदा यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) खुल्या स्पर्धेसाठी कॅगल या संकेतस्थळावर ठेवली, तेव्हा दोन्ही क्षेत्रांतले अंतर किती कमी आहे ते उघडच झाले.

श्रेयाचा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. हिग्जच्या वस्तुमानावरील २०१५ च्या संयुक्त शोधनिबंधावर ५,१५४ लेखकांची नावे आहेत. त्यांतील एकाचे नेमके काम निवड समितीला पटवून देणे सोपे नसते, आणि कायम जागा मुळातच मोजक्या. भारत २०१७ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाल्याने तेथे काम करण्याच्या संधी वाढल्या, तरी आपल्या विद्यापीठांतील कायम पदांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात मोठ्या आयटी कंपन्यांची संकुले उभी राहिली असली, तरी कंपन्यांच्या संशोधन प्रयोगशाळा मुख्यतः बंगळुरू-हैदराबादकडेच आहेत. त्यामुळे विद्यापीठ सोडून उद्योगात गेल्याने पगाराची आणि स्थैर्याची चिंता मिटते, नागपूरला परतण्याची सोय मात्र क्वचितच होते.