हैदराबादहून आलेली मराठी वाहिनी आणि तिचे मालक

9 जुलै 2000 रोजी ईटीव्ही मराठी सुरू झाली. तिचे स्टुडिओ आणि बातम्यांचा डेस्क हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत होता. पुण्या-मुंबईला हे विचित्र वाटले असेल, मराठवाड्याला वाटायचे कारण नव्हते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि लातूर-नांदेडहून आजही मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते.

त्याआधी टीव्ही म्हणजे दूरदर्शन. 1972 मध्ये सुरू झालेले मुंबई केंद्र कार्यक्रम करायचे आणि औरंगाबादजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावरचा मनोरा ते पुढे सोडायचा. मराठवाड्यातली बातमी बहुतेक वेळा पडद्यावर यायची ती दुष्काळाची, नाहीतर 1993 च्या किल्लारी भूकंपासारख्या आपत्तीची.

ईटीव्हीचा मालक होता रामोजी राव यांचा ईनाडू समूह. 1974 मध्ये विशाखापट्टणमला निघालेल्या ईनाडू दैनिकाने जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी पाने देऊन वाचक बांधला होता. 1995 मध्ये सुरू झालेल्या ईटीव्ही तेलुगूनंतर समूहाने तीच रीत मराठीतही आणली. जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीदार असला की बाजार समिती, पाणीटंचाई, जिल्हा परिषद यांना रोजच्या बातमीपत्रात जागा मिळते. आमच्या मते या वाहिनीने मराठवाड्याला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

घरापर्यंतची तार मात्र समूहाची नव्हती, ती गावच्या केबलवाल्याची. तो 8 ते 12 फुटी डिश बसवायचा, दर वाहिनीला वेगळा रिसीव्हर आणि मॉड्युलेटर (वाहिनीला संचावरचा ठरावीक चॅनल देणारे यंत्र) लावायचा आणि सगळे सिग्नल कंबायनर या जोडयंत्रातून एका तारेवर सोडायचा. वाटेत ठिकठिकाणी सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, म्हणून शेवटच्या गल्लीत पडद्यावर मुंग्या. भारनियमनात घरी इन्व्हर्टर असला तरी मधल्या अॅम्प्लिफायरची वीज गेली की पुढची सगळी घरे बंद. शिवाय जुन्या संचांना व्हीएचएफ या खालच्या लहरपट्ट्याचे (बँडचे) 2 ते 12 एवढेच चॅनल लागायचे. वाहिनी त्यात बसली तर ती प्रत्येक घरात दिसायची, वरच्या बँडवर गेली तर जुन्या संचांवर दिसतच नसे. या जागेसाठी वाहिन्या केबलचालकांना कॅरेज फी, म्हणजे वाहिनी दाखवण्याचे पैसे, मोजू लागल्या. औरंगाबाद शहरात 31 मार्च 2013 च्या मुदतीने सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, उरलेल्या शहरांना 31 डिसेंबर 2015 ची मुदत मिळाली, खेडी त्यानंतर. बॉक्स आल्यावर बँडची ही मारामारी संपली.

तोवर मालकी हलली होती. जानेवारी 2012 मध्ये नेटवर्क 18 समूहातल्या टीव्ही 18 ने ईटीव्हीच्या वाहिन्या घेण्याचा सुमारे 2,100 कोटी रुपयांचा व्यवहार जाहीर केला. हिंदी-उर्दू बातमी वाहिन्या पूर्ण, मराठी, कन्नड, बांगला, गुजराती व ओडिया मनोरंजन वाहिन्यांत 50 टक्के आणि तेलुगू वाहिन्यांत 24.5 टक्के, अशी ती वाटणी. व्यवहार 2014 च्या सुरुवातीला पुरा झाला. त्याच वर्षी नेटवर्क 18 चा ताबा रिलायन्सकडे गेला. पुढे मनोरंजन वाहिन्या याच समूहातल्या वायकॉम 18 कंपनीकडे आल्या आणि 22 मार्च 2015 ला ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली.

नावाइतकाच मोठा बदल बातम्यांचा. सरकारी परवानगीत ‘बातम्या व चालू घडामोडी’ आणि ‘बातम्यांव्यतिरिक्त’ असे दोन वेगळे प्रकार आहेत. बातम्यांच्या वाहिनीत तेव्हा परकीय भांडवलाला 26 टक्क्यांची मर्यादा होती, मनोरंजनाला नव्हती. वायकॉम 18 मध्ये अमेरिकी वायकॉमचा निम्मा वाटा असल्याने वाहिनी ‘बातम्यांव्यतिरिक्त’ या प्रकारातच बसणारी होती, म्हणजे तिच्यावर बातम्या राहणार नव्हत्या. समूहाकडे बातम्यांसाठी लोकमतबरोबर भागीदारीत 2008 पासून आयबीएन लोकमत होतीच. मालिका आणि जिल्ह्याची बातमी एकाच वाहिनीवर पाहण्याची सोय गेली, आणि हे नुकसान आम्हाला खरेच मोठे वाटते.

14 नोव्हेंबर 2024 ला वायकॉम 18 आणि डिस्नीच्या मालकीची स्टार इंडिया यांचे व्यवसाय एकत्र येऊन जिओस्टार झाली. तीत डिस्नीचा वाटा 36.84 टक्के, ताबा रिलायन्सकडे. त्यामुळे एकेकाळच्या स्पर्धक कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह आज एकाच कंपनीत आहेत. कोणत्याही वाहिनीची मालकी तपासायची तर माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या परवानगीप्राप्त वाहिन्यांच्या यादीत कंपनीचे नाव आणि प्रकार, दोन्ही रकाने पाहावेत. लोगोवरून यातले काहीच कळत नाही.