‘साधी कावीळ’ म्हणजे नेमकी कोणती?

कोल्हापुरात कुणाचे डोळे पिवळे दिसले की रक्तातलं बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं) तपासतात. सोबत ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’ म्हणजे हिपॅटायटिस बी या विषाणूजन्य काविळीची तपासणी होते. ती निगेटिव्ह आली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘साधी कावीळ आहे, पथ्य पाळा’ एवढं ऐकून फाईल कपाटात जाते. ही साधी कावीळ कोणत्या विषाणूची, हे सहसा कुणी विचारत नाही. मोठ्या माणसांत ती बरेचदा हिपॅटायटिस ई ची असते, आणि हा आजार मुळात ओळखू आला तो आपल्याच देशातल्या साथींमुळे.

१९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेला पूर आला. नजफगढ नाल्याचं मैलापाणी वझिराबादला, शहराचं पाणी जिथून उपसतात तिथवर पोचलं. धोका ओळखून पाण्यातलं क्लोरीन वाढवलं गेलं. टायफॉइडची साथ आली नाही, म्हणजे जिवाणू मेले होते. विषाणू मात्र तगला. काही आठवड्यांनी, डिसेंबर ते जानेवारीत, सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ए ची, म्हणजे तेव्हा माहीत असलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीची असणार, असं तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं.

पुढची पंचवीस वर्षं ही समजूत टिकली. मग हिपॅटायटिस ए ची रक्ततपासणी हाती आली आणि दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा काढले गेले. त्यांच्याबरोबर अहमदाबाद आणि पुण्याच्या नंतरच्या साथींतले नमुनेही तपासले. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. १९८० साली निष्कर्ष छापून आला, की ही कावीळ ए ची नाही आणि बी चीही नाही. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. कुणीतरी त्या बाटल्या फेकून दिल्या नाहीत, म्हणून हे कळलं. आपल्याकडे ए चा संसर्ग बहुतेकांना लहानपणीच होऊन जात असे, आणि एकदा झाला की तो पुन्हा होत नाही. मग तरणीताठी माणसं हजारोंनी आजारी पडतात ती कशाने, हा प्रश्न खरं तर आधीपासून समोर होता.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू १९७८ च्या साथीचा अभ्यास करत होते. गरोदर बायका, त्यातही शेवटच्या महिन्यांतल्या, या काविळीने दगावतात हे त्यांनी नोंदवलं. शेवटच्या तिमाहीत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. असा आजार साधा कसा म्हणायचा?

१९८३ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. त्यांच्या रक्तात ए ची प्रतिपिंडं (संसर्गाविरुद्ध शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिनं) आधीपासून होती, तरीही त्यांना कावीळ झाली. स्वतःच्या विष्ठेत त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पाहिले. १९९० मध्ये या विषाणूचा, म्हणजेच हिपॅटायटिस ई चा, जनुकीय अंश वेगळा काढता आला आणि तपासणीचे किट बनू लागले.

युरोपात तेव्हा हा परदेशवारीतून येणारा आजार मानत. भारतात जाऊन आलात का, एवढं विचारायचं आणि नाही म्हटलं की ई ची तपासणी करायची नाही. पुढे इंग्लंडमध्ये औषधांमुळे यकृत बिघडलं असं निदान झालेल्या काही रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यांना हिपॅटायटिस ई निघाला. देश न सोडताच. तिकडचा प्रकार वेगळा आहे, जीनोटाइप ३ (जनुकांवरून ठरवलेला विषाणूचा उपप्रकार), डुकरांकडून नीट न शिजलेल्या मांसातून येणारा. आपल्याकडच्या माणसांत मुख्यतः जीनोटाइप १ सापडतो. तो माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा माणसात येतो.

पाण्याचा विषय निघाला की कोल्हापूरकराला पंचगंगा आठवतेच. जयंती आणि दुधाळी नाल्यांचं सांडपाणी नदीत मिसळण्याचं दुखणं जुनं आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात याच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले, आणि तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत कोल्हापूर शहरात आलं, पण खालच्या अंगाच्या गावांची नदी तीच राहिली.

साथ आली की तपासणी होते. एरवी एकटादुकटा रुग्ण ‘साधी कावीळ’ म्हणूनच सुटतो. बहुतेकजण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि श्रेय झाडपाल्याच्या औषधाला किंवा चुन्याच्या निवळीत हात धुऊन पाणी पिवळं करून दाखवणाऱ्याला मिळतं. पथ्याचा म्हणून पाजलेल्या उसाच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हेही कुणी पाहत नाही.

निदान अवघड नाही. रक्तात ई विरुद्धची आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी) प्रतिपिंडं बघतात. शंका असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, पीसीआर तपासणीने शोधतात. खरी अडचण वेळेची आहे. शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. डोळे पिवळे झाल्यावर नळाचा नमुना घेतला तर तो स्वच्छ निघू शकतो, कारण गळकी लाईन तोवर दुरुस्त झालेली असते. म्हणून रुग्णाला महिना-दीड महिना मागचं विचारावं लागतं. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असेल आणि तिला कावीळ झाली, तर आयजीएम त्याच दिवशी पाठवावं, आणि सासरी कुठलं पाणी प्यायची तेही विचारावं.