कामाला मुहूर्त का लागत नाही?

काम लांबवल्याने आपलेच नुकसान होणार हे पक्के ठाऊक असूनही ते पुढे ढकलत राहणे, याला मानसशास्त्रात चालढकल म्हणतात. आळसाशी तिची गल्लत करू नये. आळशी माणसाला काम करायचेच नसते. चालढकल करणाऱ्याला ते मनापासून करायचे असते आणि म्हणूनच तो त्या वेळात स्वस्थही बसत नाही. अहवाल लिहायला बसलेला माणूस फाइल उघडतो, शीर्षक टाइप करतो, अक्षरांचा आकार दोनदा बदलून पाहतो आणि मग एकाएकी टेबलाचा खण आवरायला घेतो. खण आवरायलाही कष्ट पडतातच, पण तो नीट आवरला नाही म्हणून कोणी आपली लायकी काढत नाही.

वेळापत्रके आखून देणारे सल्ले बहुधा याच ठिकाणी फसतात. फ्युशिया सिरवा आणि टिम पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये असे मांडले, की चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा नव्हे, भावना सावरण्याचा प्रश्न आहे. एखाद्या कामाच्या नुसत्या विचाराने कंटाळा, धास्ती किंवा स्वतःबद्दलची शंका जागी होते. काम बाजूला सारताच ती शमते, आणि लगेच मिळालेल्या या सुटकेमुळे टाळण्याची सवय आणखी घट्ट होते. डायान टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या सुटकेची किंमतही दिसली. चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होते आणि आजारीही कमी पडत होते. सत्र संपत आले तेव्हा मात्र त्यांचा ताण आणि दुखणी इतरांपेक्षा वाढली, आणि गुणही कमी पडले ते वेगळेच.

मग ‘आतून उत्साह येईल तेव्हा सुरू करू’ या म्हणण्याला कितपत अर्थ आहे? मेंदूतील डोपामाइन हे रसायन आनंदाचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी जॉन सालामोन यांचे उंदरांवरील प्रयोग वेगळीच बाजू दाखवतात. एका बाजूला कळ पुन्हा पुन्हा दाबून मिळणारे आवडीचे खाद्य आणि दुसऱ्या बाजूला आयते पडलेले साधे खाद्य ठेवले, तर निरोगी उंदीर कळ दाबतो. डोपामाइनचे कार्य मंदावलेला उंदीर आयत्या खाद्याकडे वळतो. त्याची भूक शाबूत असते, कष्ट उपसण्याची तयारी तेवढी ओसरलेली असते. उंदरावरून माणसाच्या अहवालापर्यंत थेट उडी मारणे धाडसाचे ठरेल, पण एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि तिच्यासाठी हातपाय हलवणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, इतके यातून म्हणता येते.

हातपाय हलवण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो एका अगदी साध्या उपायाचा. पीटर गोल्विट्झर यांनी जर्मनीतील विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या संध्याकाळचा वृत्तान्त दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितले. त्यांतील काहींनी तो कधी आणि कुठे बसून लिहायचा हे आधीच ठरवून ठेवले होते. त्यांच्यापैकी दहांतील सुमारे सात जणांनी काम वेळेत केले, तर उरलेल्यांत हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश राहिले. ‘लवकरच लिहीन’ या निश्चयात प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय आला की टाळायला वाव आला. ‘जेवण झाले की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून पहिला परिच्छेद लिहीन’ असे ठरवले, की जेवण संपणे हाच इशारा होतो. अशा ९४ चाचण्यांचा २००६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही या उपायाचा परिणाम चांगलाच ठळक आढळला.

पहिला परिच्छेद वाईट उतरला तरी चालतो. मारिया ओव्स्यान्किना यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले, की अर्ध्यावर थांबवलेले काम माणसे कोणी न सांगता, बक्षिसाविना, आपणहून पुन्हा हाती घेतात. अपुरे काम अधिक लक्षात राहते, हा त्याच काळातला ब्लूमा झायगार्निक यांचा निष्कर्ष अधिक गाजला खरा, पण पुढच्या चाचण्यांत तो तितकासा टिकला नाही. ओव्स्यान्किना यांचा टिकला.

दिवस वाया गेलाच, तर स्वतःला फैलावर घेण्याचा मोह होतो. मायकेल वोल यांनी पिचिल आणि आणखी एका सहकाऱ्यासह २०१० मध्ये विद्यार्थ्यांच्या लागोपाठच्या दोन परीक्षा अभ्यासल्या. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले होते, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या तयारीत कमी चालढकल केली. अभ्यासाला चिकटलेली अपराधाची भावना सैल झाली आणि पुस्तकापासून दूर पळण्याचे एक कारण कमी झाले.