हिरवळीवरचे डाग आणि करडईच्या तेलातलं आम्ल

पावसाची झड लागून गेली की जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या लॉनवर रुपयाएवढे वाळक्या गवताच्या रंगाचे डाग उठतात. लक्षणं ‘डॉलर स्पॉट’ या बुरशीजन्य रोगाची. यंदा शेजारच्या काकांनी उपाय सांगितला : ओलं शेण कालवून ओता, तेही देशी गाईचंच. शेणावरचा त्यांचा भरवसा रास्त आहे, फक्त ते ओलं नको. ओल्या शेणातून अमोनिया सुटतो, पाती करपतात आणि हुमणीचीही सोय होते.

काम करतं ते मुरलेलं खत. कॉर्नेल विद्यापीठात एरिक नेल्सन यांनी 1990च्या दशकात गोल्फच्या हिरवळीवर कंपोस्टचा पातळ थर देऊन पाहिला. काही खतांनी डॉलर स्पॉट चांगलाच आटोक्यात आला, काहींनी नाही. चाचण्यांत टर्कीच्या खुराड्यातली घाण होती, सांडपाण्याचा गाळही होता. गाईच्या जातीचा इथे प्रश्नच येत नाही. खत कसं कुजलं, हे महत्त्वाचं. ढीग 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो, तेव्हा रोगजंतूंसोबत बरेच उपयोगी जीवही मरतात. ढीग थंड होताना ट्रायकोडर्मासारख्या बुरशी आणि कितीतरी जिवाणू पुन्हा वस्तीला येतात. रोग दाबण्याची ताकद खतात येते ती या मुरण्याच्या काळात.

ती ताकद नेमकी कशी चालते, हे पिथियमच्या बाबतीत फार सुंदर उलगडलं आहे. पिथियम दिसतो बुरशीसारखा, पण शैवालांच्या गोतातला. कोवळी रोपं कोलमडतात ती बऱ्याचदा त्याच्यामुळे. त्याच्या बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या सूक्ष्म पिशव्या, मातीत निपचित पडून असतात. बी भिजलं की त्यातून थोडं लिनोलिक आम्ल झिरपतं. आपल्या करडईच्या तेलात मुख्यतः असतं तेच हे मेदाम्ल. त्याचा सुगावा लागताच बीजाणुधानी रुजते आणि बियावर चाल करते. एंटेरोबॅक्टर क्लोअॅकी हा जिवाणू बियावर आधी पोहोचला, तर ते आम्ल खाऊन टाकतो. पिथियमला मारत नाही, त्याला हाकच ऐकू जाऊ देत नाही! मेदाम्ल पचवण्याची क्षमता गमावलेले या जिवाणूचे प्रकार वापरले, तेव्हा बियांना संरक्षण मिळालं नाही. हे 2000 साली प्रसिद्ध झालं. पुढे 2003 मध्ये पालापाचोळ्याच्या कंपोस्टमध्ये कपाशीचं बी पेरून पाहिलं, तर पेरणीनंतर 8 तासांत बियावर जमलेले जीवच हे काम करत होते. सगळी लढाई त्या पहिल्या काही तासांची.

त्यामुळे पंढरपुरी म्हशीचं शेण असो की शेळीच्या लेंड्या, आधी नीट कुजू द्या, मग मुरू द्या. खत चाळून अर्धा सेंटिमीटरपेक्षा कमी थर द्यायचा आणि झाडूने गवताच्या बुंध्याशी उतरवायचा. वास मातीचा यायला हवा. ढिगाच्या पोटात हात घातल्यावर ऊब लागली, तर अजून थांबायचं.